पायाळू मुलीचा बाप

आमच्या जळकोटात ‘माहीत नाही’ हे उत्तर ताठ मानेनं देणारा एकच माणूस होता, आणि तो विज्ञानाचा मास्तर होता. बाकी आम्ही सगळे सर्वज्ञ. मी हिंदी शिकवायचो, तरी कांद्याच्या भावापासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत कशावरही तोंड टाकायचो. मास्तरकीत एकदा जीभ सैल झाली की ती परत आवळत नाही. हिरेमठ सरांचं तसं नव्हतं. कुणी काही विचारलं की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि पुसता पुसता विचार करायचे. चष्मा परत डोळ्यांवर चढला की एकतर उत्तर यायचं, नाहीतर ‘माहीत न्हाय’ यायचं. दोन्ही सांगताना आवाज सारखाच असायचा.

माणूस अंगानं भरलेला, उंचीला बेताचा. मिश्या पांढऱ्याधोप आणि डोक्याचे केस काळेभोर. कलप लावता का, असं मी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं. म्हणाले, “न्हाय. मिश्या आधी का पिकल्या ते मलाबी माहीत न्हाय.” आता यावर काय बोलणार?

मी मुल्ला. मुल्ला सर म्हणून गाव ओळखतं. एका शाळेत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर आमची नोकरी गेली. त्यांचं घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. मी त्यांच्याआधी निवृत्त झालो, पण सकाळचा एक चहा त्यांच्या ओसरीवर आणि संध्याकाळचा आमच्या ओट्यावर हे चुकलं नाही.

सरांचं घराणं जंगमाचं. वडील आसपासच्या लिंगायत घरांत पूजेला, लग्नाला जायचे. घरात बोलणं कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की परत कानडी. सरांच्या गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. दहावीतल्या एका आगाऊ पोरानं वर्गातच विचारलं, “सर, तुम्ही विज्ञान शिकवता, मग पूजा कशापायी करता?” मी असतो तर कान पिळला असता. सर म्हणाले, “तिथं मी मास्तर न्हाय रे. तिथं विद्यार्थी हाय, पहिलीतला. अजून पाटीच मिळाली न्हाय.” आणि पुढचं समीकरण मांडायला वळले.

नववीच्या पहिल्या तासाला त्यांचा एक ठरलेला खेळ होता. माझा वर्ग भिंतीपलीकडं असायचा, त्यामुळं तो मला तोंडपाठ झाला होता. हातातला खडू ते सोडून द्यायचे. खडू फरशीवर पडून तुटायचा.

“का पडला?”

सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, “गुरुत्वाकर्षण, सर.”

मग पुढच्या बाकावरच्या एकाला उभं करायचे. “तुझं नाव काय?”

“महादेव.”

“बरं. नाव कळलं. मग तू असा का हायस तेबी कळलं का मला?”

वर्ग हसायचा. हसू ओसरलं की सर हळू बोलायचे. “गुरुत्वाकर्षण हे नाव झालं. नाव ठेवलं म्हंजे कळलं असं न्हाय. खडू कसा पडतो ते मी सांगतो. किती वेगानं पडतो ते फळ्यावर मांडून दाखवतो. चंद्रावर कसा पडेल तेबी सांगतो, तिथं न जाता. एवढी ताकद हाय विज्ञानात. पण पृथ्वीनं त्याला वढावंच का, असं विचारलात, तर मी आन् तुम्ही एकाच बाकावर. नियम निसर्गानं कुठं लिहून ठेवलेला न्हाय. माणसांनी लई येळा बघितलं आन् म्हणलं, असं व्हतंय. तेवढंच.”

पालकांची तक्रार आली. विज्ञानाचे मास्तर वर्गात ‘माहीत नाही’ म्हणतात, पोरांचं नुकसान होतं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. सर म्हणाले, “ज्यांना माहीत असंल त्यांना बोलवा. मीबी येतो ऐकायला, मागच्या बाकावर बसतो.” तक्रार तिथंच मिटली.

त्यांना एकच मूल. गिरिजा. आणि गिरिजा पायाळू होती.

जन्माला येताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेल्या मुलाला आमच्याकडं पायाळू म्हणतात. अशा मुलाबद्दल गावाच्या दोन समजुती पक्क्या. एक म्हणजे कुणाच्या पाठीत उसण भरली, तर पायाळूनं पाय लावला की उतरते. दुसरी वाईट. वीज पायाळूला शोधत येते. म्हणून आभाळ भरून आलं की पायाळू पोराला मधल्या खोलीत कोंडून ठेवायचं, गडगडाट पार थांबेपर्यंत बाहेर सोडायचं नाही. ही समजूत हिंदूंची, मुसलमानांची, लिंगायतांची, सगळ्यांची एकच आहे. बाकी कशात एकमत होत नाही, यात होतं.

गिरिजा लहान असताना सकाळी सकाळी सरांच्या दारात माणसं पाठ धरून उभी असायची. पार्वती वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, कुणाला परत पाठवायच्या नाहीत. माणूस ओसरीवर पालथा पडायचा, गिरिजा वेण्या उडवत यायची, पाठीवर पाय ठेवायची आणि पळून जायची. सर हे बरेच दिवस बघत होते. मग एक दिवस त्यांनी प्रयोग काढला. माझा रफीक गिरिजाच्याच वयाचा, अंगानंही तेवढाच, आणि जन्माला आलेला रीतसर डोक्याकडून. सरांनी ठरवलं, आलेल्या माणसाचे डोळे फडक्यानं बांधायचे आणि कधी गिरिजानं पाय द्यायचा, कधी रफीकनं. कुणाच्या पायानं गुण येतो ते बघायचं.

महिनाभर हा तमाशा चालला. रफीकला लोकांच्या पाठीवर पाय द्यायला मिळतोय म्हणून तो शाळेआधी आंघोळ करून तयार असायचा. शेवटी निघालं असं, की दोघांच्याही पायानं काही माणसं बरी होतात आणि दोघांच्याही पायानं काही बरी होत नाहीत. सरांनी पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं, “बघा, पाठ आपली आपण बरी व्हती. पायाळूचा काय संबंध न्हाय.” माणसांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारातही लोक पाठ धरून उभे. मुल्ला सरांच्या पोराच्या पायालाही गुण आहे, असा गावानं अर्थ काढला होता. सर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना मी एवढं हसताना नंतर बघितलं नाही.

पण दुसऱ्या समजुतीला मात्र ते हसत नसत. गिरिजाला त्यांनी कधी कोंडू दिलं नाही. वहिनी आभाळ बघून तिला ओढत आत न्यायच्या, सर तिला ओसरीवर आपल्याशेजारी बसवायचे. लकाकलं की बापलेक दोघं कानडीत आकडे मोजायला लागायची, ओंदु, येरडु, मूरु, आणि गडगडल्यावर सर सांगायचे, वीज किती लांब पडली. गिरिजाला त्याची भीती कधी वाटलीच नाही. पुढं ती बी.एस्सी. झाली, उमरग्याला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. लग्न काही जमलं नाही. स्थळ आलं की सर स्वतःहून सांगायचे, पोरगी पायाळू आहे, तुमचा विश्वास असेल तर आताच सांगा. माणसं चहा पिऊन जायची आणि निरोप पाठवायची नाहीत. गिरिजा म्हणायची, “बरंच झालं. आभाळ आलं की माझ्यासकट सगळ्या घरालाच कुलूप घातलं असतं त्यांनी.”

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या भागात दुपारी आभाळ येतं. पाऊस शिंतोडाभर, वीज मात्र हटकून पडते, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शिवारात माणूस नाहीतर जनावर जातंच. त्या दिवसांत सर गावोगावच्या पारावर जाऊन सांगायचे. वीज कडाडली तर घरात जा. घर लांब असेल तर झाडाखाली थांबू नका. सखल जागा बघा, एकमेकांपासून लांब लांब व्हा, टाचा जुळवून उकिडवे बसा, कानांवर हात घ्या. आणि एवढा भरलेला माणूस सगळ्यांसमोर मातीत तसा बसून दाखवायचा. बाया पदराआड हसायच्या. बसलेलं उठता यायचं नाही, मग गिरिजा हात द्यायची.

ती गेली तो वैशाख होता. सुट्टीला आलेली. सरांच्या शेतात कांदा काढायला बाया लावल्या होत्या, वहिनींना बरं नव्हतं म्हणून गिरिजा डबा घेऊन गेली आणि तिथंच त्यांच्यासोबत कांद्याची पात कापत बसली. दुपार कलली तसं आभाळ भरलं. शेड लांब होतं. बाया चिंचेखाली पळाल्या. गिरिजानं हाका मारून मारून त्यांना झाडाखालून बाहेर काढलं. निम्म्या तिच्या मागं आल्या, निम्म्या नाही आल्या. आल्या त्यांना तिनं लांब लांब बसवलं, टाचा जुळवून, आणि मग स्वतः बसली.

वीज तिच्यावर पडली. फक्त तिच्यावर. तिच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्या बाया बधिर होऊन आडव्या झाल्या आणि थोड्या वेळानं उठून बसल्या. चिंचेला काही झालं नाही. तिच्याखाली थांबलेल्यांना काही झालं नाही.

हे लिहितानाही मला संताप येतो. कुणावर ते सांगता येत नाही.

लिंगायतांतही आमच्यासारखंच पुरतात, पण बसवून. मांडी घालून बसवलेल्या गिरिजाच्या कपाळाला सरांनी विभूती लावली, तेव्हा त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. रडल्या त्या वहिनी. रडता रडता सगळ्या गावासमोर म्हणाल्या, “म्या म्हणत हुते, हिला आभाळात सोडू नका. म्या जलमभर म्हणत हुते.” सर खाली बघत उभे राहिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते एकटेच शेताकडं निघाले, म्हणून मी मागोमाग गेलो. त्यांनी त्या दिवशीच्या बायांना बोलावून घेतलं होतं. कोण कुठं बसली होती ते प्रत्येकीला विचारलं. हातात विळा होता का, अंगावर काय होतं, जमीन ओली होती का. मग गिरिजा कुठं बसली होती ते विचारलं आणि तिथं स्वतः टाचा जुळवून बसले. बाया भेदरून माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांतली एक वयस्क बाई पुढं झाली. म्हणाली, “सर, तुमी सांगितलं हुतं तसंच बसली हुती वो पोरगी. काय बी चुकलं न्हाय तिचं.”

सरांना उठता येईना. मी हात दिला.

येताना वाटेत म्हणाले, “चूक सापडली असती तर बरं झालं असतं, मुल्ला सर.”

मी त्यांच्याबरोबर चालत राहिलो.

“तिची न्हायतर माझी. कुणाची तरी सापडायला पाहिजे हुती. नियम बरोबर हाय. हजार माणसं झाडाखाली थांबली आन् हजार लांब बसली, तर झाडाखालची जास्त मरत्यात. आजबी तेच सांगीन. पण नियम हजारांचा असतोय. एका माणसाचा नियम न्हाय कुठं. गिरिजाच का, असं विचारलं तर फळ्यावर मांडायला कायबी न्हाय.”

मला जे येत होतं ते मी बोललो. “अल्लाची मर्जी, सर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही, हातातच धरून चालत राहिले. “तुमच्याकडं उत्तर हाय,” म्हणाले. “पार्वतीकडंबी हाय. पायाळू हुती म्हणून गेली, असं ती म्हणती आन् रडून मोकळी व्हती. मला त्यातलं एकबी घेता येईना. घेतलं असतं हो.”

माणसाकडं एवढं ज्ञान असावं आणि त्यानं आमच्या भाबड्या समजुतीकडं असं आशेनं बघावं, हे सहन होत नव्हतं.

आणि गाव तर गावच. गिरिजाच्या जाण्यातून गावानं धडा काढला तो असा, की चिंचेखाली थांबलेल्या वाचल्या. लोक आता बिनधास्त झाडाखाली थांबायला लागले. सरांच्या कानावर आलं. पोरीचा महिनाही झाला नव्हता, तरी ते पारावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, झाडाखाली थांबू नका. एवढंच बोलता आलं. लोकांनी मान खाली घालून ऐकलं, कारण बाप बोलत होता. मास्तरचं म्हणून कुणी ऐकलं नाही.

आता आमच्या घरचं सांगायला पाहिजे. रफीकची मुलगी, माझी नात आयेशा, तीही पायाळू. सोलापूरच्या दवाखान्यात नेता नेता वाटेत ॲम्ब्युलन्समध्येच जन्मली, पायाकडून. माझी बायको जुबेदा तिला आभाळात कोंडायची. पण सरांनी गिरिजाचं उदाहरण दाखवून, हसत हसत, वर्षानुवर्षं तिच्याशी वाद घालून आयेशाला मोकळं केलं होतं. “भाभी, माझी पोरगी बघा की, उमरग्याला एकटी जाती,” असं म्हणायचे. ते उदाहरण आता मातीत गेलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आयेशा पाचवीत, सरांच्याच शाळेत पहिल्यांदा जायची होती. नवा गणवेश शिवून खुंटीला टांगलेला. आणि पावसाळा म्हणजे रोजच आभाळ. जुबेदानं सांगून टाकलं, पोरगी जाणार नाही. रफीक आईपुढं गप्प. मी बोलायला गेलो तर म्हणाली, सरांचं ऐकून सरांचं काय झालं ते बघितलं नाही का? पोरगी मधल्या खोलीत बसून खिडकीच्या फटीतून शाळेला जाणारी पोरं बघायची. बघून माझा जीव तुटायचा.

एका सकाळी सर आले. शाळेत जायच्या कपड्यांत. ओट्यावर बसले नाहीत, सरळ दारात उभे राहून म्हणाले, “भाभी, आयेशाला पाठवा.”

जुबेदा डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. तिला सरांबद्दल माया होती, पण ती भ्यालेली होती. म्हणाली, “सर, तुम्ही शिकलेले. तुम्ही एवढं खात्रीनं सांगा, हिच्यावर वीज पडणार न्हाय. मी आत्ता पाठवते.”

मी मनात म्हणालो, म्हणा ‘नाही पडणार’. दोनच शब्द आहेत.

सरांनी चष्मा काढला. पुसला. लई वेळ पुसला.

“पायाळू हाय म्हणून पडणार न्हाय, एवढं खात्रीनं सांगतो. वीज पाय बघत न्हाय.”

“ते न्हाय विचारलं मी. पडणारच न्हाय, असं सांगा.”

“तसं कुणालाच सांगता येत न्हाय, भाभी. तुमच्याबद्दल न्हाय, माझ्याबद्दल न्हाय.”

“मग तुमचं विज्ञान काय कामाचं, सर?”

बोलली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. सर चिडले नाहीत. म्हणाले, “लई थोड्या कामाचं हाय. पण जेवढं हाय तेवढं खरं हाय.”

जुबेदानं मान हलवली आणि आत गेली. पोरगी गेली नाही.

गल्लीत मी त्यांना गाठलं. मला राग आवरेना. म्हणालो, “एक शब्द खोटा बोलला असता तर काय बिघडलं असतं? पोरगी शाळेत गेली असती.”

ते थांबले. “गिरिजाला मी खरंच सांगत आलो, सर. आता हिला खोटं सांगितलं, तर तिला सांगितलेलंबी खोटं व्हतंय. मग तिच्याजवळ काय राहिलं माझं?”

त्यानंतर रोज सकाळी शाळेत जाताना ते आमच्या दारासमोर घडीभर उभे राहायचे. हाक मारायचे नाहीत. आयेशा खिडकीतून हात करायची, सर मान हलवायचे आणि पुढं जायचे. जुबेदा स्वयंपाकघरातून हे सगळं बघायची आणि भांडी जोरात आपटायची.

जुलैअखेर सर निवृत्त झाले. वहिनींना त्या घरात राहवत नव्हतं. गुलबर्ग्याला त्यांचा भाऊ होता, तिकडं जायचं ठरलं. सामान टेम्पोनं पुढं गेलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सर आमच्याकडं निरोप घ्यायला आले. रविवार होता, उघाड पडली होती, चक्क ऊन होतं, म्हणून जुबेदानं आयेशाला गल्लीत खेळायला सोडलेलं. आणखी पाचसहा पोरं होती. सर ओट्यावर खुर्चीत, हातात चहाची बशी. पोरांचा खेळ बघत बसलो होतो, बरं वाटत होतं.

कुठून ढग आला कळलंच नाही. एकदम काळोखलं, थेंब पडायला लागले आणि डोक्यावरच कडाडलं.

बशी फुटल्याचा आवाज आला तेव्हा सर खुर्चीत नव्हते. एवढा जड माणूस असा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी आयेशाला कमरेत उचललं, ओटा चढले, आम्हाला ओलांडून घरात शिरले आणि तिला पार मधल्या खोलीच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. तिच्या डोक्यावर दोन्ही हात धरून उभे राहिले.

मग त्यांनी दाराकडं बघितलं. गल्लीत बाकीची पोरं तशीच उभी होती, पावसाला तोंड करून हसत.

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. आपण काय केलं ते त्यांना कळलं. सहासात पोरांतून त्यांनी नेमकी एकच उचलली होती. जुबेदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिलाही कळलं. सर परत पावसात गेले आणि एकेका पोराला दंडाला धरून आत आणायला लागले. पोरांना तो खेळ वाटला, ती पळायला लागली. सर त्यांच्यामागं धावत राहिले, सगळी आत येईपर्यंत.

मग ओले गच्च होऊन जमिनीवरच बसले. जुबेदानं टॉवेल दिला. तो तसाच हातात धरून म्हणाले, “मला कळतंय, भाभी. सगळं कळतंय. तरी गेलो.” आणि तोंडावर टॉवेल दाबून रडले. गिरिजा गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. पोरं भिंतीला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता जुबेदा मधेच थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “इत्तं डरते उनो. फिरबी मेरेसे झूट नै बोले.”

सकाळी उठून बघतो तर आभाळ गच्च भरलेलं. आणि जुबेदा खुंटीवरचा गणवेश काढून आयेशाच्या अंगावर चढवत होती. डबा भरलेला. तिच्या ओठांत काहीतरी पुटपुटणं चालू होतं, दुआ असावी. रफीक पोरीला घेऊन शाळेकडं गेला. जुबेदा दारात उभी राहिली, ती दोघं वळणावर दिसेनाशी झाली तरी तिथंच.

मी हायवेकडं निघालो. गुलबर्ग्याची बस लागली होती. वहिनी खिडकीशी, पदरात तोंड घालून. सर पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसलेले. मी आत चढलो, त्यांचा हात धरला आणि सांगितलं, “आयेशा आज शाळेत गेली. जुबेदानं स्वतः पाठवली.”

ऐकून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. “बरं केलं,” म्हणाले. “लई बरं केलं भाभींनी.” माझा हात दाबून धरला. कंडक्टरनं घंटी मारली, मी खाली उतरलो आणि त्यांच्या खिडकीखाली येऊन उभा राहिलो.

गाडी हलली. तेवढ्यात सरांनी काचेतून वर बघितलं, आभाळाकडं. त्यांनी घाईघाईनं काच सरकवली, अर्धे बाहेर वाकले.

“मुल्ला सर, सुट्टी झाल्यावर तुमी सोता जा तिला आणायला. एकटी सोडू नका. सोता जा.”

जातो म्हणालो. त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, गाडी वळून गेली होती. शाळा सुटायला सगळा दिवस होता. तरी मी शाळेकडं निघालो आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसलो.